तवनाप्पांचं उदमांजर

तवनाप्पांच्या घरातून आजवर कोण कोण जिवंत बाहेर गेलं, याची मोजदाद माझ्याइतकी खुद्द त्यांच्याजवळही नव्हती. आमची भिंत सामाईक, आढंही एकच. त्यांच्या छपरावर मांजर चाललं की माती माझ्या ताटात पडायची. त्यात मी अकरा वर्षं पलटणीच्या गोदामात कारकुनी केलेली, दिसेल ते मोजायची डोळ्यांना खोड लागलेली. नुसत्या त्रेचाळीस सालात त्यांच्या घरातून उंदीर गेले सत्तावन्न, विंचू एकवीस, साप चार आणि एक घोरपड, जी मुळात माझ्या घरात शिरायला निघाली होती.

तवनाप्पांची पद्धत ठरलेली. विंचू चिमट्यानं उचलून तांब्यात, तांब्यावर पळी, आणि स्वारी गावाबाहेर. सापाला आडवी घागर, उंदराला पिंजरा, मुंग्यांना उंबऱ्यापासून परड्यापर्यंत पिठाची रेघ. झोडपणं, धूर कोंडणं त्या घराला ठाऊक नव्हतं. गावातले जैन सगळेच जीव जपायचे, पण बाकीचे जमेल तेवढं जपायचे. तवनाप्पा त्याच्या पुढचं जपायचे.

"आप्पा," मी एकदा म्हटलं, "तुमी माळावर सोडलेलं उंदीर तुमच्या आदी घरी पोचत्यात. फकस्त दार चुकत्यात आन माज्या कणगीत येत्यात."

"येत आसतील. मी काय त्यास्नी तुजा पत्ता दिला न्हाई, बाळासो."

दर आषाढात, चातुर्मास बसायच्या दिवशी, ते बस्तीत जाऊन देवासमोर चार महिन्यांचा एखादा नेम घ्यायचे. बाकीची मंडळी हिरव्या भाज्या सोडत, कुणी गोड सोडी. तवनाप्पांनी सोडण्यासारखं सगळं कधीच सोडून झालेलं, त्यामुळं त्यांना दरसाल नवं काहीतरी शोधावं लागे. चव्वेचाळीस साली त्यांना माळा सापडला. माळ्यावर गेल्या सालच्या भुईमुगाची पोती, शेणकुटं, जुनं गवत. पावसाळ्यात अशा जागी किडामुंगी वीण घालते, एक पाय पडला की किती जीव गेले ते सांगता यायचं नाही. म्हणून कार्तिकी पुनवेपर्यंत माळ्याची फळी उघडायची नाही. आपण उघडायची नाही, दुसऱ्याला उघडायला लावायची नाही, आणि कुणी आपणहून उघडली तर बरं झालं असं मनातसुद्धा म्हणायचं नाही. उपाध्यांनी तिन्ही वाटा बंद करून नेम दिला आणि तवनाप्पा खुशीत घरी आले.

त्याच श्रावणात त्रिशला बाळंतपणाला माहेरी आली. एकुलती एक लेक, नदीपलीकडं तासगावला दिलेली. नवरा सुकुमार, भुसारी दुकानदार, सज्जन माणूस, आईसमोर मान वर न करणारा. लग्नाला सात वर्षं झालेली आणि हे पहिलंच. निघताना सासूनं ओटी भरली आणि वर म्हणाली, "जाताना दोघं हायसा, येताना दोघंच या. मोकळी आलीस तर दारात सवत बगशील." हे त्रिशलानं आईला सांगितलं, चंदनबालाकाकूंनी ते भिंतीवरून माझ्या बायकोला, राहीबाईला सांगितलं, म्हणजे चूल पेटायच्या आत मला ठाऊक झालं.

त्रिशलाला मधल्या खोलीत ठेवली. तिथंच बाजलं, तिथंच शेगडी. वरती तोच माळा.

आली त्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटे ती म्हणाली, "अव्वा, आंबेमोराचा भात कोन शिजवतंय गं? लय वास येतोय."

भात कुणीच शिजवत नव्हतं. वास उदमांजराचा. वळचणीचं कौल फुटलं होतं, त्यातून ते माळ्यावर ये-जा करत होतं. चंदनबालाकाकूंनी कपाळाला हात लावला. तान्ह्या मुलाच्या अंगाच्या दुधाच्या वासानं ते खाली उतरतं, असं म्हणतात. खरं खोटं देव जाणे, पण सात वर्षांनी येणाऱ्या पोराच्या डोक्यावर ते कोण ठेवील?

"काडा त्येला," काकू म्हणाल्या. "पोरगी बाजल्यावर जायच्या आदी काडा."

फळी तर उघडायची नाही. पण फळी न उघडता पिंजरा लावायला नेम आड येत नव्हता. तवनाप्पांनी बाहेरून शिडी लावली, वळचणीला लाकडी पिंजरा टेकवला, आत पिकलेली केळी ठेवली. दुसऱ्या दिवशी उजाडता पिंजऱ्याचं दार पडलेलं. त्रिशला ओसरीवर येऊन बसली, त्याला डोळे भरून बघितलं. तवनाप्पांनी पिंजऱ्यावर धोतराचं पान टाकलं, डोक्यावर घेतला आणि घाट गाठला. अलीकडं सोडलं तर ते दोन कोसांवरूनही परत वाट काढतं. मध्ये कृष्णा आली म्हणजे प्रश्न मिटला. जोतीराम नावाड्यानं त्यांना पलीकडं उतरवलं. नदीकाठच्या मळीतल्या बाभळीत दार उघडून ते जेवणवेळेला परतसुद्धा आले.

"पलीकडच्या गावानं काय पाप केलं हुतं, आप्पा?" मी विचारलं.

"तितं फळं लय हाईत. सुकात राहील."

दुपार कलली तेव्हा माळ्यावरून आवाज यायला लागला. बारीक, ताणलेला, मध्येच थांबणारा.

"उंदरं आसतील," काकू म्हणाल्या.

"उंदरं आशी रडत न्हाईत, अव्वा." त्रिशला वर बघत होती. "पिल्लं हाईत. तीन आवाज हाईत."

तवनाप्पा खोलीत आले आणि फळीखाली उभे राहिले. मी दारातच होतो. पंचवीस वर्षं त्यांना बघतोय, त्यांचा चेहरा असा उतरलेला पहिल्यांदा बघितला. फळी उघडून बघितली असती तर पिल्लं दिसली असती. फळी उघडली नव्हती ती जीव जाऊ नयेत म्हणून.

ते भिंतीला टेकून बसले आणि बोटांवर मोजत विचार करायला लागले.

"फळी उगडली तर नेम मोडतोय. ह्या बाळासोला उगडाय लावली तरी मोडतोय. बरं, आणली खाली, तर पोसायची कोनी? उंदरं खाणारा जीव. आपल्या दुदावर मोटा करायचा, मग त्यो जे मारंल त्येचं पाप कुणाच्या पदरात? पर आईच परत आली," त्यांचा चेहरा जरा उजळला, "तर कुणाचंबी काय बिगडत न्हाई. तिची पिल्लं तिला. ती न्हेईल हवं तितं."

"अण्णा, तवर जगतील का?" त्रिशला म्हणाली.

"एक दीस तर जाणार. जगतील."

मला नेम नव्हता. माझ्या आढ्यावरून दोन हात सरकलं असतं तर मी त्यांच्या माळ्यावर उतरलो असतो, फळीला हातसुद्धा न लावता. कुणी सांगायची गरज नव्हती आणि सांगता तर कुणाला येतच नव्हतं. पण आज पलीकडं सोडलेला प्राणी आणायला उद्या हा माणूस तोच पिंजरा डोक्यावर घेऊन त्याच नावेत बसणार, ही गंमत मला मोडायची नव्हती. खरं ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते केळीचा घड आणि पिंजरा घेऊन निघाले, तेव्हा मी ओट्यावरून म्हटलं, "आप्पा, सासरी धाडलेली लेक दुसऱ्याच दिवशी माहेरी आणायची म्हंजे लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्यात की." ते हसले. "तितनं आणायला मुराळी तर आपनच."

त्या दिवशी वर घाटमाथ्याला पाऊस कोसळत होता, पण आमच्याकडं नुसती भुरभुर. संध्याकाळी कृष्णेचं पाणी गढूळ झालं. सकाळी बघावं तर घाटाच्या सात पायऱ्या पाण्याखाली आणि ओंडके वाहत चाललेले. जोतीरामनं नाव ओढून वडाला बांधली. सगळं गाव पूर बघायला घाटावर जमलं, मीही गेलो. पलीकडं, उंच दरडीवरच्या पडक्या मंडपात, एक माणूस छत्री घेऊन उभा होता. आम्हाला बघून त्यानं छत्री खाली ठेवली, काहीतरी उचललं आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं.

"पिंजरा," जोतीराम म्हणाला. "घावलं की हो आप्पाला."

घाटावर हशा पिकला. मी सगळ्यांत जास्त हसलो. हाक ऐकू जायचं अंतर नव्हतं, म्हणून हात वर करून ओळख दाखवली. त्यांनी पिंजरा पुन्हा हलवला. मग मी तिथंच रेंगाळलो. कुठला बैल वाहत गेला, कुणाची गंजी गेली, बघत बसलो. घरी जायला निघालो ते त्रिशलाला ही बातमी कशी रंगवून सांगायची ते मनात जुळवीतच.

पुढचं मला राहीबाईनं सांगितलं.

तीन आवाजांतला एक सकाळी बंद झाला. त्रिशला खाटेवर बसून ऐकत होती. जरा वेळानं भिंतीपाशी येऊन तिनं हाक मारली, "वैनी, बाळासोदादा हाईत का घरात?" राहीबाई म्हणाली, "घाटावर गेल्यात, येतील आत्ता." त्रिशला म्हणाली, "बरं." चंदनबालाकाकू परड्यात शेळीची धार काढत होत्या. तेवढ्यात हिनं शिडी आत ओढून आणली. नवव्या महिन्यातली पोर. वर गेली, फळी सरकवली. पिल्लं आढ्यापाशी गवतात होती. दोन जिवंत होती ती पदराच्या ओच्यात घेतली, तिसरंही घेतलं. ओचा एका हातानं धरला, म्हणजे शिडीला धरायला हात राहिला एक. वरून चौथ्या पायरीवर पाय निसटला.

राहीबाई धावत गेली तेव्हा ती कुशीवर पडलेली होती. ओचा तसाच मुठीत आवळलेला. म्हणाली, "वैनी, ह्ये आदी घ्या."

दिवेलागणीला मुलगा झाला. रडला नाही. सुईणीनं उलटा धरला, पाठीवर थापट्या मारल्या, काशाची थाळी वाजवली. मग थाळी खाली ठेवली.

सकाळी मी आणि जोतीरामनं त्याला नेलं. लहान मूल, पुरायचंच. नेहमीची जागा पाण्याखाली गेलेली, म्हणून नदीकाठच्या चढावर, पिंपरणीच्या झाडाजवळ खणलं. घरचा पुरुष म्हणून कुणी नव्हतं. बाप तासगावला, पुराच्या पलीकडं, आजाही पुराच्या पलीकडं. गावातली दहा-बारा माणसं आली, खाली मान घालून उभी राहिली.

पलीकडच्या दरडीवरून चढ समोर दिसतो. माणसं जमलेली बघून तवनाप्पा मंडपातून बाहेर आले. त्यांना वाटलं असणार, आपल्यालाच बघायला आलेत. त्यांनी पिंजरा उचलला आणि डोक्यावर धरून दाखवला.

कुणी काही केलं नाही. त्यांनी पुन्हा दाखवला, हलवून दाखवला. मग जोतीराम हळूच म्हणाला, "हात करा की हो कुणीतरी. बगतोय त्यो."

माझे हात मातीनं भरलेले होते. मी एक वर केला. मग ते मंडपात गेले.

पूर आणखी दोन दिवस चढाच राहिला. दोन्ही दिवस सकाळ-संध्याकाळ मी घाटावर जात होतो, कारण मी गेलो नाही तर त्यांना घोर लागला असता. मी हात करायचा, त्यांनी पिंजरा दाखवायचा. एवढंच बोलणं.

इकडं त्रिशलाला दूध आलं. सुईण म्हणाली, छातीला फडकं आवळून बांधा, उतरंल ते पिळून मोरीत टाका. चंदनबालाकाकूंनी फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत गेल्या तर त्रिशला भिंतीकडं तोंड करून बसलेली, पुढ्यात वाटी आणि टोपलीत ती दोन पिल्लं. कापसाची वात वाटीत बुडवायची आणि एकेकाच्या तोंडात धरायची. शेळीचं दूध त्यांना पचत नव्हतं, हे मात्र ती चोखत होती. चंदनबालाकाकू दारातूनच मागं फिरल्या. देवपूजेचा कापूस डब्यात होता, तेवढा सगळा त्यांनी आणून तिच्या उशाला ठेवला.

माळ्याची फळी उघडीच होती. ती लावायचं कुणाला सुचलं नाही.

चौथ्या दिवशी पाणी ओसरलं. पहिली नाव तवनाप्पांना घेऊन आली. दाढीचे खुंट वाढलेले, धोतर चिखलानं माखलेलं, पण चेहऱ्यावर उजेड. पाण्यातूनच ओरडले, "बाळासो, घड संपवला बग हिनं. निम्मी केळी मी खाल्ली, निम्मी तिनं. भांडान न्हाई, तंटा न्हाई."

मी पाण्यात उतरलो. "आप्पा, पिंजरा द्या हिकडं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग जोतीरामकडं. तो नावेची दोरी सोडवत होता, सुटलेलीच दोरी.

"पिल्लं गेली का?"

"न्हाई. दोन हाईत. चांगली हाईत."

"मग?"

मी सांगितलं. कमी शब्दांत सांगता येईल तेवढं सांगितलं. ते ओल्या पायरीवर बसले. म्हणाले, "परवा चढावर तुमी जमला हुता."

"व्हय."

"मी पिंजरा दावला."

"व्हय, आप्पा."

घरी आल्यावर चंदनबालाकाकूंनी त्यांच्या पायावर पाणी घातलं. पाणी घालता घालता, त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या, "फळी उगडली आसती तर चार मुंग्या मेल्या आसत्या, फार तर." तेवढंच. नंतर त्या विषयावर त्या कधी बोलल्याचं मी भिंतीतून ऐकलं नाही.

तवनाप्पांनी पिंजरा मधल्या खोलीत नेऊन बाजल्यापाशी ठेवला. वरचं धोतराचं पान नीट करत राहिले. त्रिशलाच आधी बोलली.

"चार दीस काय खाल्लासा, अण्णा?"

"केळी."

तिनं धोतराचं पान बाजूला सारलं आणि वाकून आत बघितलं. टोपलीतल्या पिल्लांनी मान वळवली नाही. पिंजऱ्यातला प्राणी कोपऱ्यात अंग चोरून बसला होता.

"अण्णा, ही ती न्हाई."

"आं?"

"ती मोटी हुती. डावा कान फाटका हुता. तुमी नेताना मी बगितली हुती की. ही दुसरी हाय." ती आणखी वाकली. बघता बघता तिचा हात आपल्या छातीच्या फडक्याकडं गेला. "हिची थानं तटल्यात. हिचीबी कुटंतरी आसतील."

चार दिवस तवनाप्पा तिला पिंजऱ्यात घालून, केळी भरवून, पावसात छत्री धरून सांभाळत बसले होते. तिची पिल्लं त्या मंडपापासून हाकेच्या अंतरावर असणार.

राहीबाई हळूच म्हणाली, "दूद हाय तर ह्यास्नी पाजू द्यात की तिला. जमलं तर जमलं."

"नगं, वैनी," त्रिशला म्हणाली. "तिला जाऊ द्यात."

तवनाप्पा उठले. अजून जेवले नव्हते, कोरडं नेसले नव्हते. चढावर जाऊन नातवाची जागाही बघितली नव्हती. पिंजरा उचलायला गेले, तो मीच घेतला. जोतीरामनं नाव लोटली.

मंडपामागच्या करंजीखाली त्यांनी तिला धरलं होतं. तिथंच दार वर ओढलं. ती बाहेर आली नाही. पिंजरा तिरका केला तेव्हा उतरली आणि चार पावलांवर जाऊन बसली. नाक वर करून वास घेतला. आम्ही कान देऊन ऐकत होतो. पुरानं झोडपलेल्या झाडीतून कसलाच बारीक आवाज येत नव्हता. बऱ्याच वेळानं ती उठली, थोडी ह्या बाजूला गेली, थोडी त्या बाजूला, आणि परत येऊन पिंजऱ्याजवळच बसली. तवनाप्पा तिच्याकडं बघत उभे राहिले. शेवटी मीच पिंजरा उचलला आणि म्हटलं, "चला, आप्पा. दीस मावळंल."

परतताना ते चढावर गेले. ओल्या मातीवर हात ठेवून बसले. मी लांब थांबलो. तासगावला निरोप गेला होता. त्याचं उत्तर यायचं होतं आणि ते काय येणार ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

आम्ही घरात शिरलो तेव्हा त्रिशला पिल्लांना पाजत होती. एकाचं पोट भरलेलं, ते तिच्या मांडीवर झोपलेलं. तिनं वर बघितलं.

"सोडलासा?"

"व्हय."

"जितं धरली तितंच?"

"तितंच."

"मग? गेली का?"

तवनाप्पांनी रिकामा पिंजरा खाली ठेवला. उगाच त्याचं दार वर करून बघितलं, पुन्हा खाली सोडलं. एकदा माझ्याकडं बघितलं.

"गेली," ते म्हणाले. "दार काडल्याबरुबर पळत सुटली."

त्रिशला त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं वात वाटीत बुडवली आणि दुसऱ्या पिल्लाच्या तोंडाला लावली.

"मंग पोचली आसंल," ती म्हणाली. "ज्येवून घ्या, अण्णा."